अहो, पाणी प्या

"अहो, पाणी प्या बरं!" भुंग्याच्या गळ्यातला पट्टा बोलला.

कुत्र्याच्या मूत्रपिंडात खडा धरण्याआधीच या पट्ट्याला चाहूल लागे आणि तो मालकिणीच्या आवाजात हाक मारी. आवाज भरून घेणारा म्हणाला होता, "घरात रोज मारता, तशीच हाक मारा." इंदुमतीबाईंच्या तोंडून सवयीने 'अहो'च निघालं.

भुंग्या मुकाट उठून भांड्याकडे गेला. हातातला पेपर टाकून दिगंबरपंतही चरफडत माठाकडे निघाले.

पुढच्या तपासणीत जनावरांच्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "भुंग्याला एकही खडा नाही! आता तेवढं ते 'अहो' बदलून देऊ का?"

"राहू दे हो," इंदुमतीबाई घाईने म्हणाल्या. "माझं कुठे ऐकायचे हे? यंदा यांनाही मुतखडा झाला नाही."