सुटलेली लेस

नरहरीकाका आगाशीची वाडी सोडून एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायला आले होते. त्यांच्या बुटांच्या लेस फार लांब होत्या. सकाळी बागेत फेऱ्या मारताना रोज कुणीतरी थांबून सांगायचं, "अंकल, लेस सुटलीये." एका बाईंनी तर वाकून बांधूनही दिली होती.

रविवारी मुलगी हेमांगी आली. "पडाल एखाद दिवशी, बाबा," म्हणत तिने गेटबाहेरच्या मोच्याकडून त्या बेताच्या कापून घेतल्या आणि संध्याकाळी पुण्याला परत गेली.

सोमवारी काकांनी सहा फेऱ्या मारल्या. लेस एकदाही सुटली नाही.



मंगळवारी ते मोच्यासमोर उभे होते. "पहिल्यासारख्या लांब लेस घालून दे रे. काल मला कुणी हाकच मारली नाही."