सतरा नंबरची फ्रेम

सतरा नंबरची निळी फ्रेम बाकावर आली आणि भिंगरीने ती एका नजरेत ओळखली. ताईची!

दोनच दिवसांपूर्वी ताई ती जुन्या चादरीत गुंडाळून जिन्याखाली दडवत होती. "काय गं ते?" विचारलं तर म्हणे, "काही नाही, भंगार." भंगार म्हणे! भंगाराला कुणी इतकं मायेने गुंडाळतं का?

"घे पोरी, शेवटचीच उरलीय," मिस्त्रीकाका चष्मा पुसत म्हणाले. "हिचं वय सांग, मग चहा."

जुन्या सायकलींच्या शर्यतीचा नियम सरळ होता. फ्रेम पोलादी हवी आणि चाळीस वर्षांच्या वरची हवी. वशिलेबाजी नको म्हणून तपासणीच्या शेडमध्ये फ्रेमला फक्त नंबर बांधलेला असायचा, नावं बंद पाकिटात. पाकीट उघडायचं ते शिक्का बसल्यावरच. आणि एकदा शिक्का बसला की संपलं, दुसरी तपासणी नाही.

हातात सदा भिंग आणि पायाला भिंगरी, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. काकांची नजर अधू झाल्यापासून बघायचं तिने आणि शिक्का मारायचा काकांनी, अशी वाटणी झाली होती. दहावीतली पोरगी, पण नळीवर बोट फिरवून फ्रेमचं वय सांगायची. स्वतःकडे मात्र शर्यतीत उतरवायला काही नव्हतं. गेल्या वर्षी रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने टाळ्या वाजवल्या होत्या. हात दुखेपर्यंत. रडू येईपर्यंत.

आणि ताईला काय कमी होतं? धावण्यात पहिली, गाण्यात पहिली, उंचीला ताडमाड. "ताईकडे बघून शीक जरा," हे आई दिवसातून तीनदा म्हणायची, औषध दिल्यासारखं. पण सायकलीतलं ताईला ओ की ठो कळत नव्हतं. तेवढं एक भिंगरीचं होतं. आता तिथेही ही बया हजर! परवा तर न विचारता भिंगरीची जीन्स पळवली आणि संध्याकाळी घडी घालून परत ठेवली, जसं काही झालंच नाही.

"हं, कर सुरुवात," काका म्हणाले.

भिंगरीने फ्रेम उलटी केली. पायडलचा आस जिथे बसतो त्या नळकांड्याच्या पोटावर कारखान्याचा नंबर ठोकलेला असतो. इथे तो पार झिजून गेला होता. हरकत नाही, बाकीची फ्रेम बोलकी होती. मागच्या चाकाची जागा तिने पट्टीने मोजली. एकशे वीस मिलिमीटर. म्हणजे मागे पाचच दातेरी चकत्या असायच्या त्या काळातली. गिअरची तार धरायला नळीला काहीही जोडलेलं नव्हतं, ती पट्टीने आवळायची जुनी तऱ्हा. आणि नळ्यांचे सांधे! हाताने कानसलेले, टोकं पानासारखी निमुळती.

भिंगरीच्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षं, एक दिवस कमी नाही. इतकी देखणी फ्रेम या बाकावर कधी आलीच नव्हती.

"ठेंगणी वाटतेय गं हाताला," काका म्हणाले.

"अठ्ठेचाळीस सेंटिमीटर." ताईचे जिराफासारखे पाय आठवून भिंगरीला हसू आलं. "बसेल कुणीतरी गुडघे कानाला लावून!"

मग तिला खालच्या दांडीवरची भोकं दिसली. पाण्याच्या बाटलीचा पिंजरा बसवायची दोन भोकं. पन्नास वर्षांपूर्वी अशी भोकं सहसा नसत. तिने भिंग धरलं. भोकांच्या कडेला रंगाचा पोपडा उडाला होता आणि आत डाग द्यायला वापरलेलं पितळ सांध्यांतल्या पितळापेक्षा वेगळंच होतं, घाईघाईत ओतलेलं, ओबडधोबड. कुणीतरी मागाहून पाडून घेतलेली भोकं. भिंगाशिवायही कळलं असतं.

काकांना मात्र कळणार नव्हतं.

"काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

"बाटलीची भोकं आहेत, काका."

"मूळची?"

भिंगरीच्या डोळ्यांपुढे शर्यतीची रेषा आली. रेषेवर ताई. कडेला आई, बाबा, अख्खी गल्ली. आणि त्यांच्या मागे टाचा उंच करून बघणारी ती स्वतः, याही वर्षी.

"मूळची," ती म्हणाली.

"अरेच्चा. आणि मागची रुंदी?"

"एकशे तीस." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"मग ही कालची पोर झाली की! नक्की ना? नीट बघ बाई. शिक्का बसला की ब्रह्मदेव आला तरी पुसायचा नाही."

"तुमचा विश्वास नाही का माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही तर कुणावर?" काका हसले आणि त्यांनी शिक्का उचलला.

धप्प! सतरा नंबरच्या चिठ्ठीवर लाल शाईत उमटलं: बाद.

काकांनी पाकीट फोडलं. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग कंटाळून तिच्या हातात दिला. "वाच तूच. कुणाचं नशीब फुटलं बघू."

भिंगरीच्या मनात उकळ्या फुटत होत्या. चेहरा जमेल तितका सरळ ठेवून तिने घडी उघडली. अक्षर ताईचंच होतं. फ्रेम आणणाऱ्याच्या रकान्यात ताईचं नाव होतं. खाली 'शर्यतीत कोण चालवणार' या रकान्यात ताईने लिहिलं होतं: "माझी धाकटी बहीण. तिला मुद्दामच सांगितलं नाही हं काका, स्वतःच्या सायकलचं वय तिचं तिलाच काढू दे."