उतारावरची हाक

गुडघे निकामी झाल्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या डोंगरातला म्हातारा मेंढपाळ अ‍ॅमस आपली मेंढ्या राखणारी कुत्री शेजारच्या रॉबिनला देऊ लागला. अ‍ॅमसची डोंगरी बोली आता त्या कुत्रीलाच तेवढी कळे. माणसांच्या कानात आता भाषांतराची यंत्रे असत; ती कुठलीही बोली प्रमाण इंग्रजीत पालटून ऐकवत.

अ‍ॅमसने हाक शिकवली. रॉबिनने ती ऐकू आली तशीच मारली. कुत्री जागची हलली नाही.

"बहिरी कुत्री गळ्यात मारताय का, काका?"

"भैरी ती न्हाई, तू हायस. कानातलं काढ."

रॉबिनने काढले, पण त्याची जीभ वळेना. अखेर अ‍ॅमसच्या हाका ध्वनिमुद्रित करून त्याने कुत्रीला नेले.

संध्याकाळी पलीकडच्या उतारावर अ‍ॅमसचाच आवाज घुमला आणि कुत्री आनंदाने त्या आवाजामागे धावली. दारात उभ्या अ‍ॅमसने तिला हाक मारली नाही.