गायरानावरचा ठराव

दोन गावांच्या सामाईक गायरानावर सोलार प्रकल्प येऊ द्यायचा की नाही, हे ठरवायला धारूरकडच्या दोन्ही ग्रामपंचायती त्याच माळावर बसल्या होत्या. शेजारगावच्या सरपंच प्रियदर्शनीताईंनी सहीसाठी पेन उचललं आणि विचारलं, “भागवतराव, तुमच्या गावच्या शेळ्या इथं चरतात ना? तसं असंल तर मी सही करनार न्हाई.” प्रकल्पावर आपल्या पोराला नोकरी कबूल झालीय, हे सरपंच भागवतरावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. “न्हाई ताई, पडीक माळ हाय. हिकडं कुणी फिरकत न्हाई,” ते म्हणाले. तेवढ्यात त्यांना ताईंच्या पाठीमागच्या उतारावर शेळ्या घेऊन आलेली कौसाबाई दिसली. निम्मं गाव ऊसतोडीला गेलं की सगळ्यांच्या शेळ्या तीच सांभाळायची. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही बोलणार, अशी भागवतरावांना भीती वाटली. पण ताईंची नजर वळायच्या आत तिनं शेळ्या गुपचूप टेकाडाआड वळवल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला. बैठक उठल्यावर भागवतराव टेकाडामागं गेले. “मावशी, तू बोलली कावून न्हाईस?” “परगावच्या लोकांत तुमी खोटे पडला असता, सरपंच. आपल्या गावची लाज गेली असती,” ती म्हणाली. मग शेळ्यांकडं बघत तिनं साधेपणानं विचारलं, “आता ह्या कुठं चारायच्या, तेवढं सांगा.” भागवतरावांना तिच्याकडं बघवेना.