निळा कमी करताना

दोन हजार तीन साली दिंडोरीचे द्राक्षबागायतदार आबा यांच्या सत्काराला प्रोजेक्टर माझा होता. बल्ब जुना झाला होता, त्यामुळे पडद्यावर आबांची बाग निळसर दिसत होती.

माझी आई त्याच बागेत औषध फवारताना गेली. तिची नखं निळी पडली होती. "ऊन लागून गेली," असं आबा गावभर सांगत फिरले.

"सुवर्णा, सगळं निळं दिसतंय. नीट कर ते!" आबा माईकवरूनच खेकसले.

मी बटण दाबून निळा कमी केला. पडद्यावरची पानं हिरवीगार झाली. माईक धरलेल्या आबांची नखं मात्र निळी झाली.

मी आणखी कमी केला. आता त्यांचे ओठही निळे पडले.

"पाणी..." आबा कसेबसे म्हणाले.

"थांबा आबा," मी म्हणाले, "कोपऱ्यात अजून थोडं निळं आहे."