चार वाजून तेरा

"बाबा, त्या दोरीच्या आत जायचं नाही हं," गाईडबाईने तिसऱ्यांदा बजावलं, आणि तिची पाठ वळते न वळते तोच बाबा दोरी ओलांडून दिवाणखान्यात गेलेसुद्धा.

न्यायाधीशसाहेबांच्या या घराचं आता संग्रहालय झालं होतं. साहेबांच्या स्मृतिदिनाला इथे जुन्या माणसांना बोलवत, त्यांच्याकडून आठवणी ऐकत. बाबांनी तर या घरात बावीस वर्षं नोकरी केलेली. पण आता आठवणीच त्यांना सोडून चालल्या होत्या. ही गाईडबाई त्यांची लेक, पण आठ महिन्यांत त्यांनी तिला एकदाही 'ठके' म्हणून हाक मारली नव्हती. ताई म्हणत, अहो-जाहो करत. घर ओळखीचं आहे, इथे आणलं तर आपणही ओळखीच्या होऊ, असं तिला वाटलं होतं. वेडी आशा, दुसरं काय!

बाबा थेट त्या उंच घड्याळापाशी जाऊन उभे राहिले. चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं घड्याळ. लोक ते बघायलाच तर येत. साहेबांनी डोळे मिटले आणि त्याच क्षणी घड्याळही थांबलं, ही गोष्ट ती एकोणीस वर्षं सांगत आली होती. त्या वाक्याला कुणी ना कुणी रुमाल काढायचंच.

बाबांनी टाचा उंचावून घड्याळाच्या माथ्यावरच्या नक्षीमागे बोटं घातली आणि धुळीने माखलेली किल्ली काढली. संग्रहालयाच्या कागदोपत्री कधीचीच हरवलेली किल्ली!

"अहो बाबा! काय करताय? कुणी पाहिलं तर माझी नोकरी जाईल!"

"शनिवारची चावी मीच देतो, ताई," बाबा शांतपणे म्हणाले. त्यांनी दार उघडलं. मोजून चौदा फेरे दिले, लोलकाला बोट लावलं, आणि इतकी वर्षं मुकं असलेलं ते धूड टिकटिक करायला लागलं.

"एकच शनिवार चुकला हो," बाबा हळूच म्हणाले. "दवाखान्यात होतो. मुलगी झाली मला. एवढीशी! तीन दिवस तिच्यापासून हललोच नाही. घड्याळ रविवारीच बंद पडलं. साहेब आजारी, घरात कुणाला भान होतं घड्याळाचं? सोमवारी साहेब गेले. बाईसाहेबांना वाटलं, हेही त्यांच्याबरोबरच थांबलं. घड्याळाला मिठी मारून रडल्या बिचाऱ्या. म्हटलं, वाटू दे. तेवढाच आधार. पुन्हा चावी दिली नाही."

गाईडबाईने मनाशी हिशोब केला. परवाच तिला एक्केचाळिसावं लागलं होतं. एकोणीस वर्षं लोकांना ती साहेबांच्या मरणाची वेळ म्हणून जी दाखवत होती, ती तिच्या जन्माची खूण होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"लेकीला सांगितलंत हे?" तिने कसंबसं विचारलं.

"छे छे! आणि तुम्हीही सांगू नका. ती इथेच गाईड आहे. हीच गोष्ट सांगते. लोक रडतात म्हणे! तिच्या गोष्टीची माती कशाला करू?"

जिन्यावर पावलं वाजली. पाहुण्यांची तुकडी येत होती, आणि पुढे खुद्द संचालकबाई. बाबांनी चपळाईने लोलक धरला, दार लावलं, किल्ली होती तिथे सरकवली. मग दोरी ओलांडून ते बाकावर जाऊन बसले, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून. संचालकबाई नेमक्या त्यांच्याच शेजारी टेकल्या.

पंचवीस चेहरे गाईडबाईकडे वळले. तिने पदराने डोळे टिपले, घसा खाकरला आणि सुरुवात केली. साहेबांचं आजारपण सांगितलं, उशाशी बसलेल्या बाईसाहेब सांगितल्या. आज तिचा आवाज भलताच ओला लागत होता. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी तर आधीच रुमाल काढला.

"साहेबांनी डोळे मिटले," ती म्हणाली, "आणि बरोबर चार वाजून..." सवयीने तिचा हात घड्याळाकडे गेला. काटा तीन मिनिटं पुढे सरकला होता. "...तेरा मिनिटांनी हे घड्याळ थांबलं."

संचालकबाईंच्या भुवया वर चढल्या. त्या काही बोलणार, तोच शेजारून त्यांना कोपराने ढोसलं गेलं.

"बघा, कशी सांगते," बाबा त्यांच्या कानाशी म्हणाले. "आमची ठकी."