उसनी सात

"सहा," साहेब म्हणाले. "पटावर वीस."

"येतायत हो. लांबून येतात."

"दहा वाजून गेले, बाई."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. डोंगराचा रस्ता रिकामा.

पटावर वीस. खरी तेरा. विसाच्या खाली गेलं की शाळा बंद, मग मुलांनी नऊ किलोमीटरवर तालुक्याच्या शाळेत जायचं. पाच मुलींच्या बापांनी आधीच बजावलं होतं, "इथली शाळा गेली की आमच्या पोरींचं शिक्षण संपलं."

डोंगरापलीकडच्या गावातही हीच गत. पटावर वीस, खरी तेरा.

म्हणून उसनवारी. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी मुलं आणायची. तपासणी इथे असली की तिकडची सात ट्रॅक्टरमधून यायची, तिकडे असली की इथली सात जायची. उसन्या मुलांना उसनी नावं. ती त्यांनी पाढ्यांसारखी घोकलेली. सहा वर्षं बिनबोभाट चाललं. एकदा कुणीतरी म्हणालं, दोन्ही गावांची मिळून एकच शाळा करा की! तर दोन्हीकडचे म्हातारे एका सुरात कडाडले, "त्यांच्या दारात आमची पोरं? मेलो तरी नाही!"

उसनी चालत होती. कायमची नाही.

आज नऊला पलीकडच्या मास्तरांचा फोन आला, तपासणी आहे. बाईंनी सात मुलं पाठवली. ट्रॅक्टर वळणाआड गेला आणि ही साहेबांची जीप दारात येऊन थांबली.

"पाणी आणते," म्हणून बाई मागच्या खोलीत शिरल्या. दार लोटलं. फोन लावला.

"मास्तर, इथेही आलेत! आजच!"

"एकाच दिवशी दोन्हीकडे," मास्तर कुजबुजले. "ओळखलंय त्यांनी आपल्याला."

"माझी सात?"

"पोचली. बसलीत. माझी वीस भरली."

"माझ्याकडे सहा आहेत, मास्तर. सहा!"

"तुमची परत पाठवली तरी तेराच होतील."

"मग तुमचीही सात द्या."

"आणि मी काय करू? माझ्याकडे सहा उरतील."

तिकडे कुणीतरी मास्तरांना हाक मारली. फोन बंद झाला.

झालं. जो तो आपल्या पोळीवर तूप ओढतो. बाईंनी पदरानं तोंड पुसलं. मास्तरांच्या जागी मी असते तर? मीही दिली नसती. एकही दिली नसती.

पाण्याचा तांब्या घेऊन त्या बाहेर आल्या.

"कधीची शाळा?" साहेबांनी भिंतीवर बोट फिरवत विचारलं.

बुडत्याला काडी मिळाली. बाई बोलत सुटल्या. एकेचाळीस वर्षांची, साहेब. पहिलं वर्ष लोहाराच्या छपरात भरली. भाता सुरू झाला की पाढे थांबायचे. सातापर्यंत यायचे, मग घण, मग पुन्हा एकापासून. त्या वर्षीच्या मुलांना आठाचा पाढा आयुष्यभर आला नाही. मग गावानं नदीतून दगड आणले. माणशी एक दगड रोज, बायकांनीही. ही खिडकी आहे ना, ती सुताराची. मुलीला पहिलीत बसवलं, त्या आनंदात दिली. हा फळा—

"अकरा वाजले, बाई." साहेबांनी हजेरीपट उघडला. "पुरे."

पहिलं नाव. "हजर." दुसरं. "हजर."

सहा आवाज झाले. सातव्या नावाला वर्ग गप्प. आठव्याला गप्प. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

बाहेर ट्रॅक्टर धडधडला.

एक उतरलं, दोन, तीन... बाईंची सात. मग आठवं. नववं. मुलं उतरतच राहिली. बाई ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. विसावर थांबल्या. मास्तरांनी सगळाच वर्ग गाडीत घातला होता! चौदा पुरली असती. डोकं फिरलं की काय या माणसाचं? आता तिथे कोण?

मुलं दाटीवाटीनं बसली. मागची भिंतीला टेकून उभी राहिली.

"एवढी?" साहेबांच्या भुवया चढल्या. "बरं. पुन्हा पहिल्यापासून."

तेरा नावं सरळ गेली. चौदावं नाव पलीकडच्या मुलींपैकी एकीचं होतं, उसनं. दोन वेण्या, कोपर खरचटलेलं. दर तपासणीला सगळ्यांत खणखणीत "हजर" तिचाच असायचा.

साहेबांनी नाव पुकारलं. ती उठून उभी राहिली. बोलली नाही.

"अगं, बोल," बाई पुटपुटल्या.

"ते नाव माझं नाही, साहेब."

संपलं. पोरीनं एका वाक्यात एकेचाळीस वर्षं बुडवली.

"मग तू कोण?" साहेबांनी पेन खाली ठेवलं.

तिनं नाव सांगितलं. आपलं, आईनं ठेवलेलं. वर गावही सांगितलं, पलीकडचं. मग दप्तरातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. तिच्यामागून दुसरं मूल आलं, तिसरं आलं. कागदावर कागद पडत गेले. बाईंनी मोजले, तेरा भरले.

शाळा सोडल्याचे दाखले. आजची तारीख. घाईचं, पण वळणदार अक्षर. खाली मास्तरांची सही, कुठे कुठे शाई फिसकटलेली.

साहेबांनी वरचा दाखला वाचला. मग खालचा. मग सगळे एकेक करून उलटले आणि गठ्ठा बाईंकडे सरकवला.

'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात तेराही ठिकाणी मास्तरांनी एकच लिहिलं होतं : तेरा आणि तेरा सव्वीस होतात.